ठाकुरवाडी नावाचं महानगर

दिवाळी अंकांत एक लेख हमखास असतो. कुणी मराठी मास्तर टोकियोला, बँकॉकला, नाहीतर दुबईला शिकवायला गेलेला असतो. तिथं खोली मिळता मिळत नाही, शेजाऱ्यांचं बोलणं कळत नाही, भाकरीच्या पिठासाठी शहर पालथं घालावं लागतं आणि मुलं मात्र फार गोड असतात. हे लेख मी आवडीनं वाचतो, कारण त्यातलं जवळपास सगळं माझ्याही वाट्याला आलं आहे. मी लातूर जिल्ह्यातून निघालो आणि रायगड जिल्ह्यातल्या एका ठाकुरवाडीत पोचलो, एवढाच काय तो फरक. वाटेत समुद्र लागला नाही. सह्याद्री लागला.

परदेशी जाणाऱ्याला व्हिसा लागतो. आम्हाला आधी डी. एड., मग टीईटी, मग टेट. टीईटी वेगळी आणि टेट वेगळी, हे आमच्या वडिलांना अजून पटलेलं नाही. एकाच परीक्षेला पोरगं दोनदा बसलं असं ते पाहुण्यांना सांगतात. २०२३ मध्ये ही २०० गुणांची टेट झाली, मग शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरायचे. मी लातूर वर टाकलं, त्याखाली धाराशिव, नांदेड, परभणी, बीड. रायगड खाली कुठंतरी होतं. २०२४ मध्ये यादी लागली आणि रायगड वर आलं. शिक्षणसेवक, तीन वर्षं, महिना १६ हजार. आईनं विचारलं, "रायगड म्हणजे महाराजांचा का?" म्हटलं, जिल्हा तोच. "मग काय चिंता नाही," ती म्हणाली आणि लाडवाला लागली.

आदेशावर गावाचं नाव ठाकुरवाडी. आता कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत डोंगराची सोंड दिसली की तिच्या खाली एक ठाकुरवाडी असते. टोकियो एकच आहे, ही टोकियोला जाणाऱ्यांची सोय. आमच्या वडिलांनी मात्र मोबाईलवर रेल्वेचा नकाशा उघडला आणि त्यांना बोरघाटात, कर्जत आणि खंडाळ्याच्या मधे, चक्क ठाकुरवाडी सापडली. "पोराच्या शाळेला स्वतःचं स्टेशन आहे," ही बातमी तासाभरात गल्लीत फिरली. स्टेशन खरंच आहे. १८६३ साली घाटातली रेल्वे सुरू झाली, तिच्यावरच्या या ठिकाणी घाट उतरणारी गाडी थबकते. पण ती ब्रेक धड आहेत ना ते बघायला. मास्तर उतरवायला नाही. शिवाय माझी ठाकुरवाडी ती नव्हेच. माझ्या ठाकुरवाडीला जायचं तर लातूरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघायचं, पहाटे द्रुतगती मार्गावरच्या खालापूर टोलनाक्यापाशी डोळे चोळत उतरायचं, मग मिनीडोअर रिक्षा. मिनीडोअर भरली की निघते. भरली म्हणजे काय, हे ड्रायव्हर ठरवतो.

परमुलखात जायचं तर तिथल्या लोकांविषयी आधी वाचावं, असा एक शिरस्ता आहे. मीही वाचलं. एल. एन. चापेकरांचं 'ठाकूर्स ऑफ द सह्याद्री' नावाचं १९६० सालचं पुस्तक मिळवलं. वाडी ठाकर आदिवासींची, तेव्हा ठाकरांत म-ठाकूर आणि क-ठाकूर असे दोन भेद आहेत इथपासून तयारी केली, वहीत टिपणं काढली. वहीच्या उरलेल्या पानांत प्रश्न लिहिले: आपलं मूळ कुठलं? आपण काय खाता? आपले देव कोणते? आपल्यात लग्नं कशी ठरतात?

पहिल्या संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर पाचसहा जण येऊन बसले. मी वही उघडायच्या आत शेजारच्या म्हातारीनं सुरुवात केली. "तू कुठचा रं गुरजी?" लातूरचा. "तुमच्याकडं काय खातात?" ज्वारीची भाकरी. "देव कुठचा?" तुळजापूरची भवानी. "लगीन झालंय?" नाही. "का नाय?" माझी सगळी प्रश्नावली तिला तोंडपाठ होती. उत्तरं ऐकताना तिनं मधूनच इतरांकडे बघून मान हलवली, आणि मला कळलं की इथं आपल्या आधी बरेच नमुने तपासून झाले आहेत.

इथं गुरुजींना नाव नसतं. जिल्हा असतो. "जळगाववाला होता, त्याचा आवाज मोठा." "सोलापूरवाला होता, तो चादर टाकून गेला, अजून फाटली नाय." "हा लातूरवाला." गेली कित्येक वर्षं राज्याच्या कानाकोपऱ्यातून एकेक मास्तर येतो, रुजतो आणि आंतरजिल्हा बदली झाली की जातो. ग्रामसेवक सांगलीकडचा, आरोग्याच्या सिस्टर विदर्भातल्या, वनरक्षक खानदेशी. आमचे मुख्याध्यापक अलिबागचे; मुंबईकर हे ऐकून उगाच हसतात. लातूरच्या माझ्या गावात सगळे लातूरचे होते. महानगर म्हणायचं कशाला, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे.

वाडीत सगळ्यांना 'तू' आहे. देवाला तू, तलाठ्याला तू, बैलाला तू, गुरुजीला तू. आमच्याकडे बालवाडीतलं पोरसुद्धा मास्तरला 'अहो सर' म्हणतं आणि पाठ फिरली की काय म्हणतं ते विचारू नये. इथं तोंडावर तू आणि पाठीमागंही तू. मला ते रुळायला वेळ लागला. पण तापानं फणफणलो तेव्हा "गुरजी, तू उठू नको, मी पेज आणलीय" हे वाक्य कानावर आलं, त्यात 'तुम्ही' कुठं बसवणार?

घराचं सांगतो. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा गिलावा, वर कौलं. उन्हाळ्यात एसी लागत नाही, पंखाही कमीच. तोटा एवढाच की या कुडातून ऊन येत नसलं तरी आवाज आरपार जातो. मी इकडं शिंकलो की पलीकडून "आलं टाकून पी" असा सल्ला येतो. कर्मचाऱ्यानं मुख्यालयी राहावं, तसा ग्रामसभेचा ठराव असावा, अशी सरकारची अपेक्षा असते. मी मानधनावर, मला घरभाडं भत्ता नाही, तेव्हा ठरावाची गरजही नव्हती. पण ग्रामसभेत दुसऱ्या कुणाचा विषय निघाला आणि शेजारची म्हातारी हात वर करून उभी राहिली. "आमचा गुरजी राहतो. रात्री खोकतो, मला ऐकू येतं." इतका सबळ पुरावा त्या सभेपुढं त्या दिवशी दुसरा आला नाही.

मोबाईलची रेंज घरात येत नाही. अवघड क्षेत्रातल्या शाळा ठरवण्याच्या सरकारी निकषांत मुसळधार पाऊस, हिंस्र प्राणी, नसलेला रस्ता यांच्या जोडीला 'संवादछाया' नावाचा एक निकष आहे. रेंज नाही हे इतक्या काव्यमय रीतीनं सांगणाऱ्या कारकुनाचा सत्कार व्हायला हवा. आमच्या संवादछायेत एक उघडीप आहे: वाडीच्या वरच्या अंगाला एक कातळ, त्याच्यावर उभं राहून तोंड नेरळच्या दिशेला केलं की दोन कांड्या मिळतात. मुलांची हजेरी तिथूनच ऑनलाइन जाते, पोषण आहाराचा तांदूळ किती शिजला ते तिथूनच वर कळतं. कातळ सगळ्यांचाच असल्यामुळे तिथं कायम रांग. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात आणि गरज पडली तर सुचवतात. आईचा फोन आला की ती स्थळाविषयी बोलते. आमच्यात हल्ली पत्रिकेआधी जिल्हा बघतात, कारण बायको शिक्षिका असेल तर बदलीत पती-पत्नी एकत्रीकरणाचा लाभ असतो. "मुलगी हिंगोली जिल्ह्यात आहे," आई म्हणाली. मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "हिंगोली नको. लांब पडेल."

पाऊस. आमच्याकडे वर्षाला सातआठशे मिलिमीटर पडला तर लोक पेढे वाटतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. मी तेव्हा ती बघायला स्टेशनवर गेलो होतो. आगगाडीचं स्वागत हार घालून होताना पाहिलेला माणूस मी. कर्जतला वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तो सगळा माझ्या छत्रीवरच पडतो, असं मला पहिल्या जुलैत वाटलं. छत्री दोन दिवसांत वाऱ्यानं नेली. वाडीनं मला इरलं दिलं, ते डोक्यावर घेऊन मी शाळेत शिरलो तेव्हा पहिलीच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. कपडे वाळत नाहीत, वह्या वाळत नाहीत, खडू ओला होतो, फळ्याला बुरशी येते. घरी फोन करून "इथं फार पाऊस आहे हो" अशी तक्रार करायला तोंड उघडलं की पलीकडून वडील म्हणतात, "थोडा इकडं पाठव."

मात्र रात्री संततधार लागली की वाडीत कुणी विनोद करत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इथल्याच खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. तेव्हापासून जोराच्या पावसात घरटी एक माणूस जागा असतो आणि डोंगराकडे कान देऊन बसतो. एकदा मीही बसलो. पहाटे म्हातारी म्हणाली, "निज आता. डोंगर गप हाय."

आणि एवढ्या पावसाच्या गावात एप्रिल-मेमध्ये पाणी नसतं. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी लातूरकराची चेष्टा समजलो असतो. नदीच्या कोरड्या पात्रात डवरे खणायचे, झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरायचं, नाहीतर टँकरची वाट बघायची. टँकर आला की कशी रांग लावायची, पाईप कुणी धरायचा, भांडण कुठल्या टप्प्यावर मिटवायचं, यातलं माझं शिक्षण लातूरला पूर्ण झालेलं होतं. परमुलखात माझी एकच पदवी उपयोगी पडली ती ही.

इथल्या डोंगरात पाण्याची कमतरता नाही; फक्त ते थांबत नाही. घाटावर लोणावळ्याला तलाव बांधले, त्यांचं पाणी नळांतून खाली खोपोलीला सोडलं आणि १९१५ पासून त्यावर वीज होऊ लागली, ती मुंबईच्या गिरण्यांसाठी. कर्जतच्या बाजूला भिवपुरीला १९२२ पासून तेच. वीज इथं तयार होते आणि मुंबईला जाते. रेल्वे इथून जाते. द्रुतगती मार्ग इथून जातो. पाणी उल्हास नदीतून जातं. मास्तर येतात आणि जातात. सगळं वाडीवरून जातं, म्हणून वाडीनं एक युक्ती काढली आहे: खालापूरच्या नाक्यावर सरकार टोल घेतं, तसा वाडी येणाऱ्या-जाणाऱ्याकडून आपला टोल घेते.

हा टोल कसा वसूल होतो ते मला केंद्रप्रमुख आले त्या दिवशी दिसलं. आमच्या वर्गात मुलं घरी ठाकरी बोलतात, पुस्तकातलं पुण्याचं मराठी वाचतात आणि उरलेलं मास्तरकडून उचलतात. जो मास्तर जितकी वर्षं राहिला तितका त्याचा थर मुलांच्या बोलण्यात बसतो. साहेबांनी चौथीतल्या एका मुलाच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "काय बाळ, ओळखलंस का मला?" त्यानं मोकळेपणानं विचारलं, "नाय बे भो. कामून आलास?" साहेब गडबडले. मी मात्र कौतुकानं ऐकत होतो. 'बे' सोलापूरचं, 'भो' जळगावचं, 'कामून' माझं. आणि 'आलास' ठाकुरवाडीचं स्वतःचं. सबंध राज्याचं एकीकरण इतक्या थोड्या शब्दांत मी कधी ऐकलं नव्हतं.

जेवणात तर वसुली पक्की आहे. जळगाववाल्याकडून वाडी वांग्याचं भरीत शिकली, सोलापूरवाल्याकडून शेंगांची चटणी. माझ्याकडून धपाटे घेतले. ज्वारीचं पीठ मी लातूरहून पिशवीत आणतो, ते पंधरा दिवसांत संपतं. म्हणून बायकांनी नाचणीचे धपाटे लावून बघितले आणि आता तेच चांगले असं मला ऐकवतात. बदल्यात मला मिळालं शेवळं. जूनच्या तोंडावर जमिनीतून वर येणारी ही रानभाजी कर्जत-नेरळच्या बाजारात ठाकर बायका विकायला बसतात. शेवळं नुसतं शिजवून खाल्लं तर घसा खवखवतो, म्हणून त्यात काकडाची फळं घालतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोली ही पुढची इयत्ता. यातली शिक्षिका तिसरीतली एक मुलगी आहे. मी पान ओळखायला चुकलो की ती "परत सांग" म्हणते. माझीच सवय माझ्यावर.

आमचं घर माळकरी, त्यामुळे खेकडे आणि मासे मी खात नाही. वाडीला हे आजारपण वाटतं. पहिल्या पावसात वलगण चढते, म्हणजे मासे अंडी घालायला ओढ्यांतून, शेतांतून उलट्या दिशेनं वर येतात. तो दिवस कॅलेंडरात लाल नसतो, पण शाळा रिकामी असते. ॲपवर गैरहजेरीचं कारण निवडावं लागतं. त्या यादीत आजारी आहे, परगावी आहे, स्थलांतरित आहे. मासे आहेत असं कुठं नाही. मी 'परगावी' निवडतो. मासे परगावी चाललेले असतात, मुलं त्यांच्या मागे असतात, तेव्हा नोंद फार खोटी नाही.

शनिवार-रविवारी दुसरं एक महानगर इथं येतं. कर्जत हे मुंबईहून १०० किलोमीटर, लोकलचं जवळजवळ शेवटचं टोक; स्टेशनवर वडापाव खाऊन मंडळी धबधब्यांना पांगतात. जूनच्या आसपास काजवे बघायला येतात आणि काजवे दिसावेत म्हणून मोठाल्या बॅटऱ्या आणतात. एकदा मी इरलं घेऊन बांधावर उभा असताना एका ताईंनी माझे बरेच फोटो काढले, मग हळूच विचारलं, "दादा, तुम्ही लोक पावसात कसे राहता?" मी इथला समजला गेलो, या आनंदात मी पुढं होऊन धबधब्याची वाटही सांगू लागलो. तेवढ्यात मागून म्हातारी ओरडली, "त्याला नको इचारूस! तो लातूरचा हाय!" नागरिकत्व मिळता मिळता राहिलं.

बदलीला अजून अवकाश आहे, पण वाडी आतापासून तयारीत आहे. परवा शाळा व्यवस्थापन समितीची सभा संपली आणि अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "गुरजी, तू जाशील तवा त्या पोर्टलवर एक लिहून टाक. पुढचा कोल्हापूरचा पाठवा म्हणावं. तांबडा रस्सा राहिलाय."

म्हटलं, पोर्टलवर असा रकाना नाही. मास्तर जिल्हा निवडतो, जिल्हा मास्तर निवडत नाही.

शेवळ्याची शिक्षिका दारात उभी होती. ती म्हणाली, "मग मीच मास्तरीण होते. लातूरला जाते."

"कामून?"

"पाणी रेल्वेनं येतं ते बघायला. आणि तिथल्या पोरांना रानभाजी कोण शिकवणार, तू?"

मी तिला सांगितलं, त्यासाठी आधी टेट द्यावी लागते, २०० गुणांची, अवघड असते.

तिनं थोडा विचार केला. "देते की. फक्त वलगणीच्या दिवशी ठेवू नको म्हणावं."